बंद खोलीतली जवारी

“जड काय? वाफ का हवा?”

“वाफ, चाचा. हवेपेक्षा तिप्पट जड.”

“मग ती जाती कुठं?”

“खाली बसते. जमिनीलगत.”

“आणि तू बसतोस कुठं?”

दिगंबर थांबला...

मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत एका ओट्यावर हे बोलणं चाललं होतं. विचारत होते लाडलेसाब. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बोटांना जन्मभराच्या कानशीचे घट्टे. उत्तरं देत होता दिगंबर सुतार, त्यांचाच शिष्य. दोघांच्या मध्ये दोन वस्तू ठेवल्या होत्या. एक तंबोरा, आरशासारखा चकचकीत. आणि थिनरचा एक पत्र्याचा डबा.

तंबोरा परत आला होता.

धारवाडच्या गायिका कुमुदिनीबाई यांनी तो पाठवला होता, आणि सोबत निरोप. रूप लक्ष्मीचं, आवाज कैदाशिणीचा. घरात ठेवण्याजोगा आहे, मैफिलीत नेण्याजोगा नाही.

दिगंबरला हे फार लागलं होतं. लागणारच.

लाडलेसाबांकडं शिकलेल्या माणसाला त्यांच्या तोंडून एक वाक्य मिळवावं लागतं. “आता तुझं तू ऐक.” ते मिळेपर्यंत तंबोरा कुणीही घडवो, त्याची जवारी उस्तादांच्या कानाखालून गेल्याशिवाय तो पुरा झाला असं गल्ली मानत नाही.

जवारी म्हणजे तंबोऱ्याचा जीव. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीनं असा घासायचा की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. केसभर कमी घासली तर आवाज मुका. केसभर जास्त, तर चिरका. हे मोजायला पट्टी नाही. कान हीच पट्टी.

आणि दिगंबरचा कान म्हणजे एके काळी गल्लीचं कौतुक होतं. भोपळ्यावर टिचकी मारून तो कुठं पातळ आहे ते सांगायचा. बिडी ओढणाऱ्यानं खिशातली काड्यापेटी हलवली, तर भरलेली की अर्धी हेही सांगायचा. लोक हसायचे. लाडलेसाब हसायचे नाहीत. पोराच्या नादाला फार लागू नका, दृष्ट लागेल, म्हणायचे.

पुढं दिगंबर कोल्हापूरला जाऊन रंगकामाचं शिक्षण घेऊन आला. आल्यावर त्यानं लाखेची पोटली कोनाड्यात फेकली. स्प्रेची बंदूक आणली, हवा भरायचा कॉम्प्रेसर आणला, वेगळा कारखाना थाटला. लाखेच्या पॉलिशला आठवडे लागतात. त्याचं काम एका दिवसात व्हायचं, आणि वर अशी झळाळी की बघणाऱ्यानं त्यात भांग पाडावा.

सगळं झालं होतं. फक्त ते एक वाक्य तेवढं मिळालं नव्हतं.

म्हणून तो आज आला होता. बाईंचा कान उतरलाय, चाचांनी स्वतः वाजवून बघावं, आणि जे म्हणायचं ते आज म्हणून टाकावं. एवढीच त्याची मागणी. लाडलेसाबांनी मात्र तंबोऱ्याला हात लावायच्या आधी डब्याचं विचारलं होतं. जे लावतोस ते घेऊन ये, असा आदल्या दिवशीच निरोप होता.

“बसतोस कुठं, म्हटलं मी.”

“जमिनीवरच, चाचा. आपण सगळेच जमिनीवर बसतो. भोपळा मांडीत घेतल्याशिवाय काम होतं का?”

“हं.”

लाडलेसाबांनी डबा बोटानं वाजवून पाहिला.

“ह्याचं नाव काय?”

“थिनर. त्यात मुख्य म्हणजे टोल्यूईन.”

“काय करतंय ते?”

आता दिगंबर खुलला. माहिती विचारली की त्याला बरं वाटायचं.

“दिसायला पाण्यासारखं, पण पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं. रंग, चकाकीचं लॅकर, रबर, चरबी, हे सगळं विरघळवतं. छपाईच्या शाईत तेच, चपलेच्या चिकटवणीत तेच. घट्ट रंग पातळ करतं, बंदुकीतून फवारायला सोपा जातो. मग आपलं काम झालं की उडून जातं. मागं राहते ती नुसती चकाकी.”

“पाहुणा चांगला हाय.”

“चांगलाच आहे.”

“पेटतंय?”

“लगेच. वाफ साठलेली असली तर काडीसुद्धा लागत नाही, ठिणगी पुरते. म्हणून मी भिंतीवर पाटीच लावलीय.”

“आणि माणसाला काय करतंय?”

“हात कोरडे पडतात. कातडीतलं तेल ओढून घेतं ना. बंद जागेत फार हुंगलं तर डोकं धरतं, गरगरतं, झापड येते. वर्षानुवर्षं तेच चाललं तर मेंदूवर होतं. कानावरही होतं म्हणतात. शेजारी मशीनचा गोंगाट असला तर आणखीच.”

“कुणाच्या कानावर?”

“कामगारांच्या.”

लाडलेसाबांनी डबा हातानं आपल्यापासून जरा दूर सरकवला.

“म्हणजे मोठ्या कारखान्यांतल्या, चाचा. जे दिवसभर त्यातच असतात, त्यांच्या.”

“आणि तू दिवसभर कुठं असतोस?”

“मी... माझं वेगळं आहे. मला माहिती आहे सगळी.”

हे वाक्य त्यानं अगदी मनापासून म्हटलं. माहिती असलेल्याला इजा होत नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. ती पुष्कळांची असते.

“खिडकी उघडी ठेवतोस?”

“छे! ओल्या लॅकरवर धुळीचा कण बसला की पुरळ उठल्यासारखं दिसतं. फटींनासुद्धा चिकटपट्टी लावलीय. पंखा आहे, पण तो लावला तरी धूळ उडते.”

“आणि जवारी कुठं लावतोस?”

“तिथंच. शांतता लागते ना. बंद खोलीसारखी शांतता कुठं मिळणार?”

लाडलेसाबांनी डोळे मिटले. ओट्यासमोरून एक सायकल खडखडत गेली.

दिगंबर उसळला. “तुमचं स्पिरिट तरी काय दूध होतं का, चाचा? लाख कशात विरघळवत होता तुम्ही? तेही उडतं, तेही पेटतं. पोटात गेलं तर माणूस आंधळा होतो.”

“दूध नव्हतंच,” लाडलेसाब लगेच म्हणाले. “विखच होतं. म्हणून तर ओट्यावर बसून करत होतो.”

मग त्यांनी तंबोरा मांडीशी घेतला. बोटं तारांवरून फिरली. पंचम, जोडीचे दोन षड्ज, खर्ज. पुन्हा पंचम...

दिगंबर त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होता. त्याला आवाज स्वच्छ येत होता. थोडा मंदच, खरं तर. आणखी कानस चालवली असती तरी चाललं असतं, असं त्याच्या मनात आलं.

आतून चाचींची, खुर्शीदबींची हाक आली. “अहो, दारात एवढ्या माश्या कुठनं आल्या? घोंगावायल्यात नुसत्या!”

लाडलेसाबांनी तारांवर तळहात ठेवला. माश्या गप्प झाल्या.

दिगंबर हसला. “चाचींचं वय झालं.”

लाडलेसाबांना फार वाईट वाटलं. ते त्यांनी लपवलं नाही. त्यांनी शिष्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आपल्या हातानं लावलेलं झाड वाळताना दिसावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“मग, चाचा? ते वाक्य...”

“दुसरा तंबोरा हाय ना? जोडीतला?”

“उद्या दुपारी शेवटचा हात मारतो त्यावर. संध्याकाळी जवारी लावणार.”

“मी येतो तुझ्याकडं. दिवेलागणीला.”

दुसऱ्या दिवशी ते आले. काठी टेकत, भिंतीच्या कडेकडेनं.

दिगंबरचा कारखाना म्हणजे सरकीच्या जुन्या गोदामाची एक खोली. दार उघडं केलं तेव्हा आत भिंतीला तंबोरे टांगलेले दिसले. सगळे झळझळीत. कोपऱ्यात कॉम्प्रेसर नुकताच बंद केलेला, अजून गरम होता. मधोमध चटईवर तो दुसरा तंबोरा, तारा चढवून तयार.

“या चाचा, आत या. हळू, उंबरा आहे.”

लाडलेसाबांनी चपला काढल्या. पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

“इथंच बरा हाय मी.”

“अंधार पडतोय. थांबा, दिवा लावतो.” दिगंबरचा हात विजेच्या बटणाकडं गेला.

“राहू दे,” लाडलेसाब जरा मोठ्यानं म्हणाले. “दिसतंय अजून.”

हात खाली आला.

“वास येतोय का, दिगू?”

“कसला?”

“कसला बी.”

दिगंबरनं मान वर करून छाती भरून श्वास घेतला. “नाही, चाचा. काही नाही. उडून गेलं सगळं.”

उंबऱ्याबाहेर लाडलेसाबांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं. त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं ते पुसलं.

“सुरुवातीला यायचा?”

“यायचा की! पहिल्या पहिल्यांदा तर डोकं उठायचं. जेवण जात नव्हतं. मग सवय झाली.”

“मग?”

“मग काही नाही. आता समजतही नाही.”

“घरी काय म्हणतात?”

“घरी काय म्हणणार?” दिगंबरनं नजर वळवली. “बायको म्हणते, मोबाईल वाजला तरी तुम्हाला कळत नाही. कामात असलो की नाही कळत.”

“हं...”

लाडलेसाब दाराच्या चौकटीला टेकले.

“बरं. तंबोरा तयार हाय म्हणतोस. मग रीत कर.”

गल्लीची रीत अशी, की नव्या तंबोऱ्याची जवारी लावण्याआधी त्याच्यापुढं उजेड करायचा. कुणी पणती लावतो, कुणी ऊद जाळतो. ज्याचा जो देव, त्याचा तसा उजेड. ती रीत कुणी मोडत नाही. दिगंबरच्या खोलीतही कोनाड्यात पणती होती, तेलवात घालून ठेवलेली. एरवी तो ती सकाळी दार उघडून लावायचा, काम सुरू करण्याआधी.

“मी इथनं ऐकतो,” लाडलेसाब म्हणाले. “जवारी बरी लागली, तर तुला जे पाहिजे ते आज म्हणतो.”

दिगंबरला आनंद मावेना. इतक्या वर्षांनी! एवढ्यासाठीच तर सगळं चाललं होतं. त्यानं पणती उचलून तंबोऱ्यापुढं ठेवली, वात सरळ केली, आणि इकडंतिकडं पाहिलं.

“काड्यापेटी हाय ना?”

“इथं नसते, चाचा. घरून आणावी लागते.”

“ही घे.” लाडलेसाबांनी बंडीच्या खिशातून पेटी काढली आणि उंबऱ्यावरून हात लांब करून त्याला दिली.

दिगंबरनं ती घेतली. सवयीप्रमाणं कानाजवळ नेऊन एकदा हलवली. पणतीजवळ उकिडवा बसला. अंगठ्यानं पेटी उघडली.

आत काही नव्हतं.

“चाचा!” तो हसायला लागला. “यात काड्याच नाहीत की! रिकामी पेटी घेऊन फिरताय होय!”

लाडलेसाब हसत नव्हते.

दिगंबरनं हसू आवरत वर पाहिलं. समोर भिंत होती, भिंतीवर पाटी. लाल रंगात, त्याच्याच ठळक अक्षरांत. येथे काडी ओढू नये.

त्यानं खाली पाहिलं. फळीखाली थिनरचा डबा, झाकण बाजूला पडलेलं. बंदूक पुसलेलं फडकं, अजून ओलं. पणती जमिनीवर ठेवलेली. तो स्वतः जमिनीलगत वाकलेला. हातात काड्यापेटी.

काडी असती तर...

पेटी त्याच्या मुठीत चुरगळली. कालच त्यानं हे सगळं पाठ म्हणून दाखवलं होतं, शाळेतल्या पोरासारखं, एकही शब्द न चुकता. त्यातला एकही शब्द या घटकेला आठवला नव्हता. तो तिथंच खाली बसायला लागला.

“खाली नको!” लाडलेसाब ओरडले. “उठ. बाहेर ये आधी.”

तो भिंत धरत बाहेर आला. मग दोघांनी मिळून काम केलं. म्हणजे काम दिगंबरनं केलं. डब्याला झाकण लावलं, फडकं बाहेर आणून उघड्यावर टाकलं, खिडक्यांच्या फटींवरची चिकटपट्टी टराटरा ओढली. लाडलेसाब दाराशी उभे राहून फक्त सांगत होते. श्वास रोखून जा. लवकर परत ये. आता थांब जरा.

खिडक्या उघडल्या. सरकीच्या गोदामामागच्या चिंचेवरून वारा आत आला, आणि त्याच्याबरोबर धूळही आली. ती नव्या तंबोऱ्यावर बसली असणार. दिगंबरनं तिकडं पाहिलंही नाही.

दोघे बाहेरच्या दगडी पायरीवर बसले.

   हवा लागली तसं दिगंबरचं डोकं ठणकायला लागलं, आणि मग हळूहळू, कुठूनतरी दुरून यावा तसा, त्याला वास आला. गोडसर, उग्र. त्याच्याच शर्टाला येत होता. केसांना येत होता.

“चाचा...”

“हं.”

“येतोय वास.”

“येऊ दे.”

चिंचेवर पाखरं परतली होती. लाडलेसाब मान कलती करून ऐकत होते. दिगंबरही ऐकायला लागला. झाडाच्या शेंड्याला बारीक चोची उघडत मिटत होत्या, त्या त्याला संधिप्रकाशात दिसत होत्या. पण त्यातला किती कलकलाट आपल्यापर्यंत पोचतोय आणि किती वरच्या वर विरतोय, हे त्याला सांगता येईना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या कानाची भीती वाटली.

“बाईंचं खरं होतं,” तो म्हणाला.

“कसं काय?”

“मला गुंज ऐकूच येत नव्हती. म्हणून मी घासत गेलो. घासत गेलो...”

लाडलेसाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“माझा कान परत येईल का, चाचा?”

“ते मला काय ठाऊक? डॉक्टर सांगतील. मिरजेत दवाखान्यांना काय तोटा? उद्या सकाळी जा. किती गेलाय ते बघ, किती ऱ्हायलाय ते बघ.”

“आणि नाहीच आला तर?”

“तर ऱ्हायलेला सांभाळायचा. वाफ अडवणारा मास्क तोंडाला बांध, खिडकी उघड, पंखा लाव. धूळ बसली तर पुन्यांदा घास. आणि जवारी माझ्या ओट्यावर येऊन लाव. जागा हाय.”

दिगंबरच्या डोळ्यांत पाणी आलं. थिनरनं नव्हे.

खोलीत तंबोरा उघड्या वाऱ्यात पडला होता. एखादी तार आपोआप हलकीच कुजबुजावी तसं दिगंबरला वाटलं. की नुसतंच वाटलं?

त्यानं डोळे पुसले. मनातलं ओझं कुठंतरी उतरवायला हवं होतं, म्हणून तो बोलला.

“बरं झालं चाचा, पेटी रिकामी होती. तुम्ही मुद्दाम रिकामी आणलीत. मी जळू नये म्हणून.”

लाडलेसाबांनी मान हलवली. होय म्हणून नाही, नाही म्हणून.

“भरलेली आणायला मी काय येडा हाय? पण नुसतं काड्या न्हाईत एवढ्यासाठी न्हाई आणली.”

“मग?”

लाडलेसाबांनी हात पुढं केला. दिगंबरच्या मुठीत पेटी अजून तशीच होती, चुरगळलेली. त्यांनी ती घेतली, नीट केली, आणि त्याच्या कानाशी धरून हलवली.

एकदा.

पुन्हा एकदा...

“वास आला न्हाई, तर लगेच म्हणालास, काही न्हाई,” लाडलेसाब म्हणाले. “ही वाजली न्हाई, तवा ‘रिकामी हाय’ असं का म्हणाला न्हाईस?”